गेटवाली शर्मिष्ठा

बांद्याच्या बाजारात एका कापडदुकानामागे भाड्याची एक लांबोडकी खोली होती. शर्मिष्ठा आरोसकरचं वर्कशॉप तिथे चालायचं. बाहेर पाटी नव्हती. कोणी विचारत आलं की दुकानदार मान न वळवताच सांगायचा, "ती गेटवाली मां? पाठल्या दारान जावा." सुरुवातीला लोकांना वाटायचं, ही बाई लोखंडी फाटकं करते. एकदा तर डेगव्यातले एक गृहस्थ आपल्या बागेच्या फाटकाचं माप चिठ्ठीवर लिहून घेऊन आले होते. शर्मिष्ठाने त्यांना बसवलं, चहा दिला आणि आपलं गेट दाखवलं. अॅल्युमिनियमचे दोन उभे खांब, आतून चपट्या पेट्या बसवलेल्या, मध्ये टेम्पो जाईल एवढी वाट. गृहस्थांनी खांबावर टिचकी मारून पाहिली आणि विचारलं, "आनि ह्येका दार खंय आसा?"

दार नव्हतंच. काजूच्या पोत्यांनी भरलेला टेम्पो त्या दोन खांबांमधून गेला की प्रत्येक पोत्यावर चिकटवलेला टॅग गेटला आपला नंबर सांगायचा आणि बाजूच्या कॉम्प्युटरवर यादी उमटायची: अमुक पोतं अमुक गावचं, अमुक बागेतलं, अमुक तारखेचं. टॅग म्हणजे नखाहून लहान चिप आणि तिच्याभोवती चंदेरी पट्टी. आत बॅटरी नाही. गेटमधून निघणाऱ्या लहरींवरच तो तेवढ्यापुरता जिवंत होतो, बोलतो आणि परत गप्प बसतो.

शर्मिष्ठाने मालवणात इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला होता. पुढे सहा वर्षं पुण्याला एका कंपनीत गाड्यांच्या सुट्या भागांवर असेच टॅग लावायचं काम केलं. नवरा यज्ञेश याला बांद्याच्या हायस्कुलात गणिताच्या मास्तराची जागा मिळाली तेव्हा ती नोकरी सोडून इकडे आली. दोन वर्षं तिने लोकांचे इन्व्हर्टर दुरुस्त केले. मग वेंगुर्ल्याच्या ओंकारची गाठ पडली.

ओंकारचा काजूचा कारखाना होता. परदेशी पाठवलेल्या मालातली एक खेप परत आली होती. वेंगुर्ल्याचा काजू म्हणून गेलेल्या मालात बाहेरची बी मिसळली होती, आणि ती कुठल्या पोत्यातून मिसळली हे ओंकारला सांगता येईना. हॉलंडमधल्या खरेदीदाराने कळवलं की यापुढे प्रत्येक पोत्याची ओळख पटली पाहिजे. ओंकारने मोठ्या कंपन्यांची गेटं पाहिली होती. ती गोदामातल्या कोरड्या खोक्यांसाठी बनलेली. काजूच्या बीला ओल असते, पोती एकावर एक दाबून रचलेली असतात, त्यात टॅग गुदमरतात. ओल्या पोत्यांसाठी वेगळं गेट बनवायचं काम शर्मिष्ठाने अंगावर घेतलं, पण तिचा पहिला प्रयोगही फसलाच. चाळीस पोत्यांपैकी अकरा बोलली, बाकीची मुकी.

आठ महिने ती त्यामागे होती. टॅग पोत्यापासून बोटभर दूर राहिला तर बोलतो, हे कळलं. पण दूर ठेवायचा कसा? थर्माकोल तुटायचा, प्लॅस्टिक हमालांच्या आकड्यात अडकून फाटायचं. उत्तर मथुराकाकीने दिलं. ही इन्सुलीची शेतकरीण. काजू-आंब्याचा हंगाम संपला की वर्कशॉपात सोल्डरिंगला यायची. तिने घरून पोफळीच्या विऱ्या आणल्या, झावळीच्या बुंध्याचा तो रुंद, चामड्यासारखा चिवट भाग. वाळवून, मेणात बुडवून त्याच्या चौकोनी चकत्या कापल्या, दोन चकत्या एकमेकींवर पालथ्या ठेवून मध्ये पोकळी राखली आणि वरच्या चकतीवर टॅग चिकटवला. दुसऱ्या दिवशी चाळीसच्या चाळीस पोती बोलली. ओंकार टेम्पोतून उतरून परत मागे गेला आणि ड्रायव्हरला म्हणाला, "परत एकदा काढ बघूया." तीनदा काढला. तीनदा चाळीस.

पुढच्या चार वर्षांत जिल्ह्यात तिची अकरा गेटं उभी राहिली. काजूचे कारखाने, आंब्याचे पॅकहाऊस, शिरोड्याला एका मिठाच्या व्यापाऱ्याकडे एक. वर्कशॉपात मथुराकाकी, दिव्या आणि नर्मदा अशा तिघी कामाला. सावंतवाडीच्या एका प्रदर्शनात तिने गेट मांडलं, विरीच्या चकत्या हातात घेऊन लोकांना समजावल्या, वर्तमानपत्रात फोटो आला. मथुराकाकीने तो कापून देवघराच्या भिंतीला लावला.

मग ओंकारचा हॉलंडवाला खरेदीदार स्वतः वेंगुर्ल्याला आला. गेट पाहिलं, विरी हुंगून पाहिली, आणि जाताना म्हणाला, माझ्या तिकडच्या गोदामालाही असली दोन पाठवा. तो दिवस शर्मिष्ठाच्या आयुष्यातला मोठा दिवस. दोन्ही गेटं तिने स्वतः खोक्यात भरली. नर्मदाने खोक्यांवर हळदकुंकू लावलं.

खोकी पोचली. सहा आठवड्यांनी ओंकारने एक मेल पुढे पाठवली. खरेदीदाराच्या वकिलाने अगदी सभ्य शब्दांत विचारलं होतं: या गेटांसाठी आवश्यक पेटंटांचं लायसन्स उत्पादकाने घेतलेलं आहे का? असल्यास प्रत पाठवावी. तोपर्यंत गेटं बंद खोक्यात राहतील.

शर्मिष्ठाने मेल दोनदा वाचली. तिला वाटलं, कुठलातरी साधा कागद असेल, आयात-निर्यातीचा. शनिवारी ती पणजीला गेली. तिथे अनुजा नावाची वकीलबाई पेटंटचं काम बघायची. तिने मेल वाचली आणि पेन खाली ठेवलं.

"तुमचं गेट आणि टॅग एकमेकांशी बोलतात ते कुठल्या पद्धतीने?" अनुजाने विचारलं.

"जी जगभर ठरलेली आहे तिनेच. त्याशिवाय कसं बोलणार? टॅग बाजारातून येतात, ते तीच एक भाषा जाणतात."

"बरोबर. आता त्या पद्धतीच्या आत बऱ्याच युक्त्या आहेत, आणि त्या वेगवेगळ्या कंपन्यांनी शोधल्या आहेत. त्यांची पेटंटं आहेत. तुम्ही कितीही हुशारीने गेट बनवलंत तरी त्या युक्त्या टाळता येत नाहीत, म्हणून त्यांना आवश्यक पेटंटं म्हणतात. पूर्वी प्रत्येक कंपनीकडे वेगळं लायसन्स मागावं लागे. मग काही कंपन्यांनी आपली पेटंटं एकत्र केली, एक 'पूल' केला, म्हणजे सामाईक गट. एकाच ठिकाणी जा, एकच करार करा, सगळ्यांची परवानगी मिळते."

"म्हणजे सोयीचंच आहे की."

"सोयीचं आहे," अनुजा म्हणाली, पण तिच्या आवाजात सोय नव्हती.

सोमवारी वर्कशॉपात तिने हे तिघींना सांगायचा प्रयत्न केला. "समज, काकी, चाळीस पोरां वर्गात आसत आनि मास्तरान हजेरी घेतल्यान. सगळी एकदम 'हजर' म्हणाली तर कायच कळाचा नाय. म्हणान मास्तर सांगता, प्रत्येकान मनात एक आकडो धरा. मी मोजतंय. आपलो आकडो इलो की बोला. दोघांचो एकच आकडो इलो तर दोघांनी परत नवो आकडो धरूचो. टॅग असोच बोलता. ही जी पाळी लावूची रीत, तिची मालकी दुसऱ्याची."

मथुराकाकीने सोल्डरिंगची सळई स्टँडवर ठेवली. "म्हणजे हजेरी देवक पण कोणाची तरी परवानगी व्हयी?"

"तसाच."

"आमी कोणाचा काय चोरलाव, बाय?"

चोरलं तर नव्हतंच. आणि ज्यांनी ती रीत शोधली त्यांनीही वर्षानुवर्षं डोकं घातलं असणार, जसं शर्मिष्ठाने ओल्या पोत्यांमागे घातलं. एवढं तिला कळत होतं, आणि म्हणूनच कोणावर रागावताही येत नव्हतं.

तिने पूलच्या परदेशातल्या कचेरीला लिहिलं. चार दिवसांत फॉर्म आला, बावीस पानांचा. वर्षाला किती नग बनवता, या प्रश्नाला पाच चौकोन होते आणि सगळ्यांत लहान चौकोन होता 'दहा हजारांहून कमी'. शर्मिष्ठाने तिथे खूण केली. तिची संख्या वर्षाला तीन होती. पुढचा प्रश्न: गेटमधली चिप कोणाची, आणि त्या चिपवाल्याने लायसन्स घेतलेलं आहे का? घेतलेलं असेल तर हिला वेगळं घ्यायची गरज उरत नव्हती. तिचा जीव एकदम हलका झाला. चिप बसवलेला बोर्ड ती मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडून मागवायची. तिने त्याला फोन लावला.

"मॅडम, माल चालतो ना?" व्यापारी म्हणाला.

"चालतो. पण मला लायसन्सचा कागद हवा."

"कागद कसला? बिल देतो की."

"बिल नको. चिप कुठल्या कंपनीची, तिने पेटंटचं लायसन्स घेतलंय का, ते हवंय."

"ते चायनावाल्याला विचारावं लागेल. मी विचारतो."

तो विचारतो म्हणाला ते दर आठवड्याला म्हणत राहिला. पाचव्या आठवड्यात चीनमधून एका ओळीचं उत्तर आलं: लायसन्सची जबाबदारी ग्राहकाची. म्हणजे तिची.

शेवटी पूलच्या माणसांशी व्हिडिओ कॉल ठरला, दुपारी अडीचला. तिकडे सकाळ होती. पडद्यावर एक पिकल्या केसांची बाई आली, प्रसन्न, हातात कॉफीचा मग. शर्मिष्ठाने रात्री लिहून काढलेलं इंग्रजी समोर ठेवलं होतं, पण त्या बाईने तिला ते वाचायची वेळ आणली नाही. सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली की आमच्याकडे लहानमोठा असा भेद नाही, सगळ्यांना एकच अटी, एकच किमान फी. कोणावर अन्याय होऊ नये म्हणून तसं ठेवलंय.

शर्मिष्ठाने मग मनात घोळत असलेलं विचारून टाकलं. "माझ्याकडेही एक युक्ती आहे. ओल्या मालावर टॅग वाचायची. ती मी तुमच्या पूलमध्ये घातली तर? मग मीही तुमच्यातलीच होईन."

बाईने विरीची चकती कॅमेऱ्यासमोर धरायला सांगितली. नीट पाहिली. खरोखर कौतुकाने पाहिली. मग तिने समजावलं की पूलमध्ये काय घ्यायचं ते आम्ही ठरवत नाही, बाहेरचे तज्ज्ञ ठरवतात. ज्याच्यावाचून ठरलेली पद्धत चालूच शकत नाही तेवढंच घेतात. तुमची युक्ती उपयोगाची आहे, पण आवश्यक नाही. ती नसली तरी टॅग बोलतोच. आणि हिचं पेटंट आहे का तुमच्याकडे?

पेटंट नव्हतं. त्याच संध्याकाळी तिने अनुजाला फोनवर विचारलं, आता काढता येईल का. अनुजाने उलट विचारलं, "तुम्ही ती कुठे जाहीर दाखवली आहे का?"

"सावंतवाडीच्या प्रदर्शनात. तीन वर्षं झाली. पेपरातही आलं होतं."

"मग नाही काढता येणार. दाखवलेल्या गोष्टीला नवी म्हणता येत नाही."

त्या फोटोची मथुराकाकीला केवढी अपूर्वाई होती. तिला यातलं काही सांगायचं नाही, असं शर्मिष्ठाने ठरवलं.

यज्ञेशचं म्हणणं होतं की परदेशचा नाद सोडावा. "ती दोन गेटां परत मागव. हयच्या अकरांवर आपला चलता मां?"

"हयसर पण त्यातली काय पेटंटां आसत, काय नाय. अनुजाक पण एकदम सांगाक येना नाय."

"काय पेटंटां दोन वर्सांनी संपतत म्हणा होतंस."

"जुनी संपतत. नवी येतत." मग ती म्हणाली, "आनि ओंकारचो सगळो माल त्याच मानसाकडे जाता. तेणी नाय म्हटल्यान तर ओंकार हयचा गेट तरी कित्याक ठेवतलो?"

तिने करार करायचं ठरवलं. पहिल्या हप्त्याला गाठीला होतं नव्हतं ते गेलं आणि पाटल्याही गेल्या, त्याबद्दल ती कधी बोलली नाही. सही करायला पणजीला गेली तेव्हा अनुजाने तिला पुन्हा एकदा विचारलं, "नीट विचार केलात ना?" शर्मिष्ठा म्हणाली, "विचार करायला दुसरं काही ठेवलंय का त्यांनी?" लायसन्सची प्रत हॉलंडला गेली. खरेदीदाराने अभिनंदन केलं. खोकी उघडली, गेटं उभी राहिली. नर्मदाने वर्कशॉपात पेढे वाटले.

दोन महिने बरे गेले.

तिसऱ्या महिन्यात पत्र आलं ते पूलचं नव्हतं. एका वेगळ्याच कंपनीचं होतं. तिच्याकडे याच पद्धतीची काही आवश्यक पेटंटं होती, आणि ती पूलमध्ये कधी सामील झालीच नव्हती. पत्रासोबत यादी जोडली होती, नुसते नंबर, सलग सात पानं. आणि प्रत खरेदीदारालाही गेली होती.

शर्मिष्ठाने पूलच्या त्या बाईला लिहिलं. उत्तर त्याच दिवशी आलं, तसंच सौम्य. पूलमध्ये जे स्वखुशीने आले त्यांचीच परवानगी आम्ही देऊ शकतो. बाहेर कोण आहे यावर आमचं नियंत्रण नाही. करारात हे सतराव्या पानावर नमूद आहे. तिने सतरावं पान काढलं. खरंच होतं. सही करण्याआधी अनुजानेच त्या ओळीखाली रेघ मारून दिली होती, आणि तेव्हा दोघींनी ठरवलं होतं की एवढ्या लहान वर्कशॉपाच्या मागे कोण कशाला लागेल.

"ह्यांच्याशी बोलून बघूया," अनुजा म्हणाली. त्यांनी त्या कंपनीला लिहिलं, किती आणि कशा अटींवर परवानगी द्याल. पोच आली. पुन्हा लिहिलं. पुन्हा पोच आली: आपलं पत्र संबंधित विभागाकडे पाठवलं आहे. त्या विभागात बहुधा वर्षाला तीन गेटं करणाऱ्यांचं पत्र वाचायला माणूसच नव्हता. धमकी द्यायला कोणी नव्हतं आणि होकार द्यायलाही नव्हतं. शर्मिष्ठा रोज सकाळी मेल उघडून बघायची. यज्ञेश शाळेत निघताना चपला घालता घालता विचारायचा, "इला काय?" आणि ती नुसती मान हलवायची. पुढे त्याने विचारणं सोडलं.

खरेदीदार तीन महिने थांबला. तो माणूस वाईट नव्हता. मग त्याने गेटं उतरवून परत धाडली आणि एका मोठ्या कंपनीची बसवली, जिने पूलशीही करार केला होता आणि बाहेरच्यांशीही. पाठोपाठ त्याने ओंकारला कळवलं की दोन्हीकडे एकच यंत्रणा असलेली बरी.

ओंकार स्वतः बांद्याला आला. फोनवर सांगायला त्याला लाज वाटली असावी. खोलीत उभाच राहिला.

"ताई, माका खूप वायट वाटता."

"बस तरी, ओंकार."

"तुमच्या गेटान माझो कारखानो वाचवलो. ह्या मी खंयय सांगान. पण त्येंका कागद व्हयो. माझ्याकडे दीडशे बायो कामाक आसत. मी तरी काय करू?"

"तू काय करशीत," शर्मिष्ठा म्हणाली. तिला खरंच तसं वाटत होतं. तिने दिव्याला चहा ठेवायला सांगितलं. ओंकार चहा अर्धाच प्यायला.

ओंकारच्या कारखान्यात नवं गेट बसवायला आलेल्या इंजिनिअरांचीही पहिल्या दिवशी निम्मी पोती मुकी राहिली. त्यांनी जुन्या पोत्यांवरच्या चकत्या पाहिल्या, फोटो काढले आणि कारखान्यातल्या बायकांना विचारलं की हे कशाचं आहे. बायकांनी आनंदाने सगळं सांगितलं. पोफळीची विरी, वाळवायची कशी, मेणात किती वेळ ठेवायची. आठवड्याभरात तिथली सगळी पोती बोलायला लागली. शर्मिष्ठाला हे ओंकारकडूनच कळलं. अनुजाला फोन करावा, असं क्षणभर मनात आलं. पण अनुजा काय म्हणणार हे तिला माहीत होतं.

बाकीचे व्यापारी एकेक करून गेले. परदेशी माल पाठवणारे आधी, मग त्यांचं बघून दुसरे. शेवटपर्यंत राहिला तो शिरोड्याचा मीठवाला. त्याला मेल येत नव्हती.

वर्कशॉप बंद करायच्या दिवशी चौघी जेवायला बसल्या. मथुराकाकीने घरून काजूची उसळ आणि घावणे आणले होते. दिव्याला गोव्यात एका मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात काम मिळालं होतं. नर्मदा ओंकारकडे काजू सोलायला जाणार होती. तिथे आता नव्या गेटाशेजारी बसून यादी तपासायची जागाही होती, पण तिला कॉम्प्युटरपेक्षा सोलणं बरं वाटत होतं.

"तुमी काय करतलास, बाय?" नर्मदाने विचारलं.

"सावंतवाडीक एका खासगी संस्थेत शिकवचा काम आसा. पोरींच्या वर्गार. बघूया."

जेवण झाल्यावर भांडी घासता घासता मथुराकाकीने पाठमोरीच विचारलं, "बाय, ती जी रीत, पाळयेन बोलाची. ती परत आपण वेगळी शोधून काढली तर?"

"काढूक येतली, काकी. पण टॅग आयकाचे नाय. तेंका तीच एक म्हायत."

"होय गो," काकी म्हणाली आणि नळ बंद केला.

आता शर्मिष्ठा सावंतवाडीला शिकवते. सकाळची सात पन्नासची एसटी धरते. तिच्या वर्गात एकोणीस मुली आहेत, त्यांतल्या चारपाच खरोखर चमकदार. त्यांना ती सर्किट वाचायला शिकवते, सोल्डरिंग शिकवते. टॅगचा धडा येतो तेव्हा पाळीची ती रीतही शिकवते, आणि मुलींना ती फार आवडते. एकदा संचिता नावाच्या मुलीने विचारलं, "मॅडम, आपण असं गेट बनवू शकतो का?" शर्मिष्ठा म्हणाली, "बनवू शकतो." पुढे काही सांगायचं होतं, पण तास संपला.

पूलबरोबरचा करार पाच वर्षांचा आहे, मधेच मोडता येत नाही. त्यामुळे दर तीन महिन्यांनी तिला अहवाल भरावा लागतो: या तिमाहीत किती गेटं बनवली, किती विकली, कुठल्या देशात. गेल्या वेळी ती विसरली, तर नोटीस आली, मुदत उलटल्याची. म्हणून आता यज्ञेशने कॅलेंडरवर तारखांभोवती लाल गोल काढून ठेवलेत. त्या सकाळी ती एसटीच्या आधी लॅपटॉप उघडते आणि एकेका रकान्यात शून्य भरते. देशाचा रकाना रिकामा सोडला तर फॉर्म पुढे जात नाही. म्हणून ती तिथे भारत निवडते आणि त्याच्यासमोरही शून्य घालते. मग पडद्यावर आभाराची ओळ येते, आणि ती डबा पिशवीत टाकून स्टँडवर निघते.